ताल जिथला तिथेच, दारे मात्र दोन: सर्जियो मेंडेस यांचे मिश्रण

ब्राझीलचे पियानोवादक आणि पथकप्रमुख सर्जियो मेंडेस ५ सप्टेंबर २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वारले, तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रांनी आदराने मृत्युलेख लिहिले. मात्र त्यांतल्या बऱ्याच लेखांच्या तळाशी एक जुना शेरा शाबूत होता : हॉटेलच्या लिफ्टमध्ये, विमानतळावर, कॉकटेलच्या वेळी मागे चालू राहावे असे गोड, निरुपद्रवी संगीत. हा शेरा मला पूर्वीपासूनच पटत नाही. ब्राझीलचे संगीत अमेरिकी श्रोत्यांपर्यंत नेण्याचे प्रयत्न विसाव्या शतकात अनेकांनी केले. त्यांतले काही मेंडेस यांच्यापेक्षा मोठे संगीतकार होते, यात शंका नाही. तरीही, दोन संगीते एकत्र आणताना कोणती गोष्ट जागची हलू द्यायची नाही आणि कोणती खुशाल बदलायची, हा हिशेब त्यांच्याइतका स्वच्छ कोणाच्याच डोक्यात नव्हता, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

ब्राझीलचे संगीत शुद्ध होते आणि अमेरिकेने त्यात भेसळ केली, ही कल्पना आधी बाजूला ठेवली पाहिजे. बोसा नोव्हा हा प्रकार १९५८च्या सुमारास रिओ दि जानेरोच्या दक्षिण भागात, कोपाकाबाना आणि इपानेमा या किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत आकाराला आला, तेव्हाच त्याच्या अंगात अमेरिका भिनलेली होती. गिटार शिकणारी तिथली मध्यमवर्गीय मुले बार्नी केसेल या अमेरिकी जॅझ गिटारवादकाच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकत असत, आणि चेट बेकर या अमेरिकी जॅझ गायकाच्या कुजबुजल्यासारख्या गाण्याचे त्यांना वेड होते. संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबिम यांच्या स्वरमेळात शोपँ आणि देबुसी या युरोपी रचनाकारांबरोबर जॅझही होता. या सगळ्याला बांधून ठेवणारी चीज मात्र अस्सल तिथली होती, आणि ती बाहिया प्रांतातल्या जुआझेरू गावचे गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो यांच्या उजव्या हातात होती.

हा उजवा हात समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढची सगळी कथा त्याच्याभोवतीच फिरते. सांबा हा दोन मात्रांचा ताल. कार्निव्हलच्या मिरवणुकीत सुर्दो नावाचा मोठा ढोल त्यातल्या दुसऱ्या मात्रेवर घुमतो, आणि त्याच्या वर तांबोरी हे तळहाताएवढे, एका काडीने वाजवायचे चर्मवाद्य आडव्या, मात्रा चुकवून पडणाऱ्या आघातांची जाळी विणत राहते. असे शेकडो वादकांचे काम जुआंव यांनी एका गिटारीवर उतरवले. अंगठा खालच्या तारांवर सुर्दोचा संथ, न ढळणारा ठेका धरतो आणि उरलेली बोटे वरच्या तारा एकदम खेचून तांबोरीची नक्षी काढतात. त्यावर आवाज येतो तो जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत, कंपाशिवाय, आणि तालाच्या किंचित मागे किंवा पुढे. आपल्याकडे ठेका धरून ठेवणारा तबलजी आणि त्या ठेक्याशी आडलयीत खेळणारा गायक अशी दोन माणसे लागतात. इथे एकच माणूस स्वतःशीच हा खेळ खेळतो. जुलै १९५८मध्ये त्यांनी ध्वनिमुद्रित केलेले जोबिम आणि कवी व्हिनिसियस दि मोराइस यांचे एक गाणे बोसा नोव्हाचा आरंभ मानले जाते. व्हिनिसियस हे त्या वेळी परराष्ट्र सेवेतले अधिकारी होते, हा तपशील पुढे उपयोगी पडणार आहे.

याआधीही ब्राझील अमेरिकेत पोहोचला होता, पण वेगळ्या रीतीने. गायिका कार्मेन मिरांडा १९३९मध्ये ब्रॉडवेवर गेल्या आणि डोक्यावर फळांचा मुकुट घालून हॉलीवूडमध्ये प्रचंड गाजल्या. त्यांनी आपल्याबरोबर बांदो दा लुआ हा ब्राझीलमधला वाद्यवृंद नेण्याचा हट्ट धरला होता. त्या हट्टातूनच त्यांची समज दिसते : ताल आपल्या माणसांचाच हवा. पण दुसरे महायुद्ध तोंडावर आलेले, दक्षिण अमेरिकेशी गोडीने वागण्याचे अमेरिकेचे धोरण चालू असलेले. अशा वेळी पडद्याला हवा होता तो मुकुट. १९४०मध्ये त्या रिओला परतल्या आणि उर्का कॅसिनोत गायल्या, तेव्हा श्रोत्यांनी त्यांचे थंडपणे स्वागत केले. त्या अमेरिकाळलेल्या आहेत असा ठपका आला. त्यांनी त्याला एका खोडकर सांबानेच उत्तर दिले. हा ठपका ब्राझीलमध्ये पुढची तीस वर्षे नवनव्या माणसांवर ठेवला जाणार होता.

१९६१मध्ये वॉशिंग्टनचे गिटारवादक चार्ली बर्ड अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या दौऱ्यावर दक्षिण अमेरिकेत गेले. शीतयुद्धात जॅझ हे अमेरिकेच्या राजनैतिक शस्त्रागारातले एक गोड हत्यार होते, आणि याच कार्यक्रमातून १९५८मध्ये जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईतही येऊन गेले होते. इथे ते सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवायला बसले होते. पण खेळ उलटला. अमेरिका ऐकवायला गेलेले बर्ड ब्राझील ऐकून परतले. त्यांनी सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ यांना पटवले, आणि १३ फेब्रुवारी १९६२ रोजी वॉशिंग्टनमधल्या एका चर्चच्या सभागृहात, एका बैठकीत, ‘जॅझ सांबा’ ही तबकडी मुद्रित झाली. मार्च १९६३मध्ये ती अमेरिकेच्या सर्वसाधारण विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. जॅझच्या तबकडीला हे भाग्य फार क्वचित लाभते.

ती तबकडी आज ऐकताना माझे लक्ष गेट्झ यांच्या धुक्यासारख्या स्वराकडे जातेच, पण त्याहून जास्त ढोलवादनाकडे जाते. तिच्यावर बडी डेपेनश्मिट आणि बिल रायशेनबाख असे दोन ड्रमवादक आहेत. एका माणसाच्या अंगठ्याने आणि बोटांनी जे होत होते, त्यासाठी इथे दोन ड्रमवादक बसवावे लागले, याची मला गंमत वाटते. जॅझच्या स्विंगमध्ये जोडीतला पहिला आघात लांब आणि दुसरा आखूड असतो. सांबाची चाल मात्र बारीक, जवळजवळ समान तुकड्यांची असते आणि तिचा झोक त्या तुकड्यांवरच्या वजनात लपलेला असतो. अमेरिकी वादकाच्या हाताला ही चाल सहज लागत नाही. या मंडळींनी ती प्रामाणिकपणे शोधली आहे. तिच्यामागून आलेल्या पुष्कळांनी शोधली नाही. ढोलाच्या कडेवर टिपऱ्यांसारखा एकच ठरीव साचा वाजवायचा आणि वर वाटेल ते गायचे, एवढ्यावर त्यांचे भागले. १९६३मध्ये एल्व्हिस प्रेस्लीपर्यंत सगळ्यांनी नावात बोसा नोव्हा असलेली गाणी गाऊन घेतली, कोणी त्याचा नाचही बसवला, आणि ती लाट ओसरली. नाव उचलले आणि ताल घरीच राहिला, असा तो प्रकार होता.

दरम्यान २१ नोव्हेंबर १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये ब्राझीलच्या कलावंतांचा मोठा कार्यक्रम झाला. त्यामागे ब्राझीलच्या, म्हणजे व्हिनिसियस यांच्याच, परराष्ट्र खात्याचा हातभार होता. म्हणजे दोन्ही देशांची परराष्ट्र खाती एकाच वेळी एका गिटारीच्या मागे उभी होती. कार्यक्रम विस्कळीत झाला, पण जोबिम आणि जुआंव यांच्यासाठी अमेरिकेचा रस्ता त्यातून उघडला. त्याच मंचावर आपला सांबा-जॅझ चमू घेऊन एकवीस वर्षांचे मेंडेसही होते.

मार्च १९६३मध्ये गेट्झ, जुआंव आणि जोबिम यांनी न्यूयॉर्कमध्ये दोन दिवसांत जी तबकडी केली, ती पुढे ग्रॅमीच्या वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळवणारी पहिली जॅझ तबकडी ठरली. इपानेमाच्या मुलीचे ते जगप्रसिद्ध गाणे तिच्यातलेच. तबकडीवर ते पाच मिनिटांहून मोठे आहे : आधी जुआंव पोर्तुगीजमध्ये गातात, मग त्यांच्या पत्नी अस्त्रूद, ज्यांनी तोवर व्यावसायिक गाणे मुद्रित केलेले नव्हते, नॉर्मन गिंबेल यांचे इंग्रजी शब्द गातात, मग सॅक्सोफोन, मग पियानो. रेडिओसाठी निर्माते क्रीड टेलर यांनी ते पावणेतीन मिनिटांच्या आसपास आणले. हे करताना कात्री कोणावर चालली? जुआंव यांच्या आवाजावर. ज्या माणसाच्या हाताने हे संगीत घडवले, त्याचा हात मागे वाजत राहिला आणि त्याचा गळा गेला. दुसरीकडे, जिच्या इंग्रजी कडव्याने ते गाणे घरोघरी पोहोचवले, त्या अस्त्रूद यांचे नाव मूळ तबकडीच्या मुखपृष्ठावर नव्हते. श्रेयाचा आणि पैशाचा हा हिशेब बोसा नोव्हाच्या अमेरिकी यशाच्या पोटात शेवटपर्यंत खुपत राहिला. २०२३मध्ये अस्त्रूद गेल्या, तेव्हा तो पुन्हा वर आला.

मला इथे कात्रीचाच मुद्दा महत्त्वाचा वाटतो. नव्या श्रोत्यासाठी काहीतरी कापावे लागते, हे टेलर यांनी जाणले आणि कापलेही. आणि व्यापाराच्या दृष्टीने त्यांचा अंदाज बिनचूक होता. मेंडेस यांनी वेगळी जागा कापली.

मेंडेस रिओच्या खाडीपलीकडच्या नितेरॉय शहरात ११ फेब्रुवारी १९४१ रोजी जन्मले. पियानोचे शास्त्रोक्त शिक्षण घेता घेता ते जॅझकडे वळले आणि कोपाकाबानामधल्या ‘बेको दास गार्राफास’ या गल्लीतल्या चिमुकल्या क्लबांत वाजवू लागले. रात्री फार आवाज झाला की वरच्या मजल्यांवरचे रहिवासी खाली बाटल्या भिरकावत, म्हणून गल्लीला ते नाव पडले असे सांगतात. तिथले संगीत जुआंव यांच्या बैठकीतल्या गाण्यासारखे हळुवार नव्हते. ते ढोल, पियानो आणि फुंकवाद्ये यांचे दणदणीत सांबा-जॅझ होते. कार्नेगी हॉलच्या त्या दौऱ्यातच सॅक्सोफोनवादक कॅननबॉल अॅडर्ली यांनी मेंडेस यांच्या चमूबरोबर एक तबकडी केली, आणि माझ्या मते तालाच्या बाबतीत ती त्या वर्षांतल्या अनेक गाजलेल्या तबकड्यांपेक्षा सरस आहे, कारण तिच्यात तालाची बाजू पूर्णपणे ब्राझीलच्या माणसांकडे आहे.

१९६४मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि मेंडेस त्याच वर्षी अमेरिकेत गेले. तिथली त्यांची पहिली पथके फारशी चालली नाहीत. उत्तम वादक होते, उत्तम गाणी होती, पण अमेरिकी श्रोत्याच्या दृष्टीने ते एका सरत्या लाटेचे अवशेष होते. मग १९६६मध्ये त्यांनी पथकाची घडणच बदलली. ट्रम्पेटवादक हर्ब अल्पर्ट आणि जेरी मॉस यांच्या ए अँड एम या तबकड्यांच्या कंपनीशी करार केला, शिकागोची लानी हॉल ही तरुण गायिका घेतली, तिच्या जोडीला दुसरी गायिका घेतली आणि नाव ठेवले ‘ब्राझील ६६’.

त्या पहिल्या तबकडीचे पहिले गाणे ‘मास की नादा’. जॉर्ज बेन यांनी ते १९६३मध्ये आपल्या पहिल्याच अल्बममध्ये गायले होते, आणि ब्राझीलमध्ये ते आधीच ओळखीचे होते. बेन यांचे मूळ गाणे त्यांच्या गिटारीच्या खरबरीत, खेचून वाजवलेल्या ठेक्यावर आणि गळ्यातल्या किंचित नाकातल्या, आर्जवी हाकेवर उभे आहे. मेंडेस यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. पियानोवर एक छोटी, पुन्हा पुन्हा येणारी लकेर त्यांनी कण्यासारखी ठेवली. बेन यांच्या एकट्या गळ्याच्या जागी दोन स्त्रियांचे आवाज, तेही स्वरमेळात पसरलेले नाहीत, तर एकाच सुरात चिकटलेले, कंपाशिवाय, अगदी सरळ. या दोन आवाजांचा मिळून एक तिसराच आवाज तयार होतो. त्या काळच्या अमेरिकी पॉपच्या कानाला तो ओळखीचा वाटतो, पण त्यातले ते न थरथरणे आलेले आहे जुआंव यांच्या शाळेतून. खाली ढोल वाजवायला जुआंव पाल्मा आणि तालवाद्यांना जोझे सोआरेस, दोघेही ब्राझीलचे. गाण्याची सुरुवात ज्या हाकेने होते ती अर्थाच्या नव्हे तर ध्वनीच्या जोरावर चालते; कोणत्याही भाषेच्या माणसाला ती दुसऱ्या फेरीत म्हणता येते. आणि शब्द? शब्द पोर्तुगीजच राहिले. लानी हॉल यांना ती भाषा येत नव्हती. त्यांनी ते उच्चार ऐकून ऐकून पाठ केले.

म्हणजे टेलर यांनी भाषा बदलली आणि मूळ गायक कापला; मेंडेस यांनी भाषा ठेवली, ताल ठेवला आणि आवाजाचा पोत बदलला. पोर्तुगीजमध्ये गायलेले गाणे अमेरिकेच्या पॉपच्या यादीत शिरणे ही तेव्हा अपूर्वाईची गोष्ट होती. ते यादीत फार वर गेले नाही हे खरे. पण तबकडी खपली आणि पथक उभे राहिले.

यात काही हरवले का? हरवले, आणि ते सांगितलेच पाहिजे. बेन यांच्या त्या गाण्याच्या शब्दांत हा सांबा माराकातूशी मिसळलेला आहे असे स्पष्ट म्हटले आहे. माराकातू हे ईशान्य ब्राझीलमधल्या पेर्नांबुको प्रांतातले, आफ्रिकी गुलामांच्या वंशजांनी जपलेले मिरवणुकीचे ढोलसंगीत. शिवाय हा म्हाताऱ्या काळ्या माणसाचा सांबा आहे असेही तिथे येते. उंबांडा या ब्राझीलमधल्या पंथात अशा म्हाताऱ्यांचे आत्मे पूजनीय मानले जातात. रिओचा एक कृष्णवर्णीय तरुण आपल्या मिश्र वारशाचा झेंडा मिरवत होता, आणि कॅलिफोर्नियातल्या दिवाणखान्यात पोहोचेपर्यंत त्याचा उरला एक आनंदी, समुद्रकिनाऱ्यावरचा घोष. शब्द तेच राहिले, पण ऐकणाऱ्याला त्यातले काही कळले नाही. भाषा न बदलण्याचाही असा एक तोटा असतो; भाषांतरात निदान काहीतरी सांगावे लागते.

ब्राझीलचे गाणे नव्या आवाजात परक्या श्रोत्यापुढे ठेवायचे, हे झाले पहिले दार. त्याच तबकडीत दुसरे दारही उघडलेले आहे : बीटल्सचे एक गाणे सांबाच्या चालीत, आणि जोबिम यांची एका सुरावर रेंगाळणारी प्रसिद्ध रचना खुद्द अल्पर्ट यांच्या पथकाच्या लोकप्रिय धूनला जोडून. ही दुसरी युक्ती मला फार आवडते, कारण तिच्यात जरासा आगाऊपणा आहे. मालकाचीच धून त्याच्या कंपनीच्या तबकडीवर ब्राझीलच्या कपड्यांत उभी केली आहे. पुढे व्यापाराच्या दृष्टीने हेच दार जास्त मोठे ठरले. अमेरिकी संगीतकार बर्ट बॅकरॅक यांचे ‘द लुक ऑफ लव्ह’ मेंडेस यांच्या पथकाने एप्रिल १९६८च्या ऑस्कर समारंभात सादर केले, आणि त्यानंतर ते यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. त्याच वर्षी बीटल्सच्या ‘द फूल ऑन द हिल’ने सहावा क्रमांक गाठला. श्रोत्याला चाल तोंडपाठ असते, म्हणून तो निर्धास्तपणे आत येतो. आणि आत त्याला ज्या ठेक्यावर मान डोलवावी लागते तो त्याने आयुष्यात कधी ऐकलेला नसतो. डेव्ह ग्रुसिन यांनी बसवलेली तंतुवाद्ये वर मलईसारखी तरंगत असतात, आणि मृत्युलेख लिहिणाऱ्यांनी बहुधा तेवढीच चाखली. खालचा डोम उम रोमाव यांचा ढोल वेगळा काढून ऐकावा. हेच गृहस्थ पुढे ‘वेदर रिपोर्ट’ या जॅझ पथकात गेले, आणि तिथे त्यांना कोणी लिफ्टमधले वादक म्हटले नाही.

घरच्या लोकांनी मेंडेस यांना काय म्हटले, हेही पाहिले पाहिजे. ब्राझीलमध्ये ते बराच काळ ‘तिकडचे’ झालेले मानले गेले. जोझे रामोस तिन्योराव यांच्यासारख्या समीक्षकांनी तर बोसा नोव्हालाच मुळात नाकारले होते. अमेरिकी सुट्या भागांपासून ब्राझीलच्या कारखान्यात जोडल्या जाणाऱ्या मोटारीची उपमा त्यांनी तिला दिली. त्यांचा राग वरवरचा नव्हता. शहराच्या टेकड्यांवरच्या काळ्या, गरीब वस्त्यांचा सांबा किनाऱ्यावरच्या गोऱ्या, सुखवस्तू मुलांनी उचलला, त्याचा आवाज बारीक केला आणि परदेशात विकला, हे त्यांचे म्हणणे सहज खोडून काढता येत नाही. जुलै १९६७मध्ये साव पावलो शहरात तर विद्युत गिटारीच्या विरोधात चक्क मोर्चा निघाला, आणि त्यात एलिस रेजिना यांच्यासारख्या थोर गायिका चालत होत्या. गायक जिल्बेर्तो जिल हेही त्या मोर्चात होते, आणि तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, टीव्ही रेकॉर्डच्या संगीत महोत्सवात ते ‘ऊस मुतांचीस’ या रॉक पथकाच्या विद्युत गिटारी घेऊन मंचावर आले. त्यांनी आणि काएतानो व्हेलोझो यांनी सुरू केलेल्या त्रोपिकालिया चळवळीने अमेरिकी आणि इंग्रजी रॉक ब्राझीलच्या पोटात घालून पचवला. लष्करी राजवटीने डिसेंबर १९६८मध्ये दोघांना अटक केली आणि पुढच्या वर्षी देशाबाहेर घालवले. दोघे लंडनला गेले. २००३मध्ये तेच जिल ब्राझीलचे सांस्कृतिक मंत्री झाले.

या तुलनेत मेंडेस फिके वाटतात, हे मान्य करावेच लागेल. त्रोपिकालियाचे मिश्रण घरच्या श्रोत्यांना डिवचण्यासाठी होते. मेंडेस यांचे परक्या श्रोत्यांना आत बोलावण्यासाठी होते. पहिल्या कामाला धैर्य लागते. दुसऱ्याला लागते ती पाहुण्याच्या कानाची पारख, आणि आपल्याकडे, कदाचित सगळीकडेच, तिची किंमत कमी लावली जाते. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस अशा गोव्याच्या संयोजकांनी रागदारीच्या चालींखाली पाश्चात्त्य स्वरमेळ बसवण्याचे जे काम वर्षानुवर्षे केले, त्याच्याही वाट्याला पडद्यावरच्या श्रेयनामावलीत नीटशी जागा आली नाही. बोसा नोव्हाची लाट त्याच स्टुडिओंपर्यंतही पोहोचली होती : राहुलदेव बर्मन यांनी १९६६च्या ‘पती पत्नी’ चित्रपटात आशा भोसले यांच्याकडून गाऊन घेतलेल्या ‘मार डालेगा दर्द-ए-जिगर’ या गाण्याचा ठेका ऐकावा. रिओहून न्यूयॉर्क आणि तिथून मुंबई असा तो प्रवास ‘ब्राझील ६६’च्या जन्मवर्षीच पूर्ण झाला होता.

सत्तरच्या दशकाबद्दल थोडक्यात सांगतो. या काळात ब्राझीलचे संगीत अमेरिकी जॅझच्या गाभ्यात गेले, पण मेंडेस यांच्यामार्फत नव्हे. आयर्तो मोरेरा अमेरिकी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या पथकात तालवाद्ये वाजवू लागले, एउमीर देओदातो यांनी जर्मन रचनाकार रिचर्ड स्ट्राउस यांच्या रचनेला फंक या अमेरिकी नृत्यसंगीताच्या चालीवर बसवून १९७३मध्ये यादीत दुसरा क्रमांक गाठला, आणि अमेरिकी सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांनी ब्राझीलचे गायक मिल्टन नासिमेंतो यांच्याबरोबर केलेली १९७५ची तबकडी तर या संपूर्ण विषयातली माझी सर्वांत लाडकी आहे. मेंडेस त्या काळात चाचपडत होते. त्यांच्या घरातला स्टुडिओ तेव्हा हॅरिसन फोर्ड नावाच्या एका सुताराने बांधला, जो पुढे चित्रपटांत बराच गाजला. त्या दशकातल्या मेंडेस यांच्या अनेक तबकड्यांपेक्षा ही हकीगत जास्त सांगितली जाते, आणि ते फारसे अन्यायाचे नाही. १९८३मध्ये त्यांचे एक इंग्रजी प्रेमगीत पुन्हा चौथ्या क्रमांकावर गेले, पण त्यात ब्राझील शोधून सापडत नाही. स्वतःचाच नियम त्यांनी तिथे मोडला होता.

तो नियम त्यांना पुन्हा सापडला १९९२च्या ‘ब्राझिलेइरो’ या तबकडीत. ते बाहियाच्या कार्लिन्योस ब्राऊन या तेव्हा देशाबाहेर फारसे ठाऊक नसलेल्या तालवादकाकडे गेले, त्यांची गाणी घेतली, आणि तबकडीची सुरुवात रिओतल्या तालवादकांच्या प्रचंड ताफ्याने केली. लॉस एंजेलिसची चकचकीत ध्वनिमुद्रणाची सफाई आणि रस्त्यावरचे ढोल एकमेकांना न बुजता शेजारी उभे आहेत. इथे गोड मलई नाही. या तबकडीला जागतिक संगीताचा ग्रॅमी मिळाला.

२००६मध्ये आलेली ‘टाइमलेस’ याच्या नेमकी उलट आहे. ब्लॅक आइड पीज पथकाचे विल-आय-अॅम हे जुन्या तबकड्या धुंडाळत मेंडेस यांच्यापर्यंत पोहोचलेले भक्त होते. त्यांनी हिप-हॉपचे ठेके, रॅप आणि एरिका बाडू, स्टीव्ही वंडर यांच्यासारखे पाहुणे आणून ही तबकडी उभी केली. नवे ‘मास की नादा’ युरोपभर वाजले, आणि एका अख्ख्या पिढीने मेंडेस हे नाव तिथेच प्रथम ऐकले. नव्या श्रोत्यांचा प्रश्न सुटला, असे म्हणावे लागेल. पण कानाला एक गोष्ट खटकते. १९६६मध्ये बदलला होता तो आवाज, ताल मात्र होता तसाच होता; २००६मध्ये आवाज, हाक आणि पियानोची लकेर जुनीच आहे आणि बदलला आहे तो ताल. संगणकावर कापून जोडलेला हिप-हॉपचा ठेका चौकोनी असतो. सांबाचा तो बारीक तुकड्यांवरचा झोक त्याच्या खाली दबतो, आणि तालवाद्ये वर शोभेपुरती खुळखुळत राहतात. रॅप मला वर्ज्य नाही. रिओच्या वस्त्यांतले फंकवाले त्याच अमेरिकी यंत्रांवर कितीतरी जिवंत काम करतात, कारण ते यंत्राच्याच तोंडून आपला झोक वदवून घेतात.

ज्यांना हे स्वतः पडताळून पाहायचे असेल त्यांनी जॉर्ज बेन यांचे १९६३चे, ‘ब्राझील ६६’चे आणि २००६चे अशी तिन्ही ध्वनिमुद्रणे याच क्रमाने, चांगल्या हेडफोनवर, आवाजाकडे दुर्लक्ष करून फक्त दुसऱ्या मात्रेवर लक्ष ठेवून ऐकावीत. पहिल्या दोहोंत ती मात्रा किंचित ओढ घेऊन पडते. तिसऱ्यात ती वेळेवर पडते.